निधी ‘मंजूर’ झाला, मग रस्ता कुठे अडला?

प्रश्न (सिन्नर): पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर सरकार मागते त्या जादा खर्चाच्या यादीत) आमच्या रस्त्याला निधी मंजूर झाल्याचे फलक लागून वर्ष उलटले. अजून खडीचा ढीगसुद्धा पडलेला नाही. पैसे गेले कुठे?

उत्तर: बहुधा ते आलेलेच नाहीत. फलकावर छापतात ती कामाची अंदाजित किंमत. त्या वर्षाची तरतूद निराळी. समजा, काम दहा कोटींचे आहे आणि यादीत त्यापुढे एक लाख लिहिले आहेत. ही टोकन तरतूद. तिच्या जोरावर काम यादीत शिरते, पण एवढ्यात ठेकेदाराचे पहिले बिलही निघत नाही. निघाले नाही की मशिनरी दुसऱ्या साइटवर जाते.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मागणीत आधी लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर टाकला तो क्रमांक, पाहा. ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च, ३०५४ मध्ये देखभाल-दुरुस्ती येते. रुंदीकरण सांगून ३०५४ दाखवत असतील तर खड्डे बुजण्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. मग किंमत आणि तरतूद हे दोन आकडे शेजारी ठेवा. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) या क्रमाने विचारत जा. विभागीय कार्यालयात माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो. रुंदीकरणात बहुतेक वेळा भूसंपादनावर गाडी अडते. आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेली तरतूद व्यपगत म्हणजे रद्द होते, पुन्हा मागावी लागते.

सभागृहात चर्चा झाली म्हणून हुरळू नये. मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होते. विधान परिषद चर्चा करू शकते, विनियोजन विधेयक (मंजूर खर्चाचे पैसे काढायची परवानगी देणारे) १४ दिवसांत परत पाठवू शकते, अडवू शकत नाही. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. त्यात रस्त्यांची मागणी असली तर तुमच्या आमदारांचे भाषण राहूनच जाते.

प्रश्न (पंचवटी): पेट्रोलवरचा कर थेट रस्त्यांनाच का देत नाहीत?

उत्तर: २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्यभर एकच दर झाला : पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो. पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचे व्याज सगळे त्यातूनच. राखीव निधी हवा तर तसा कायदा लागेल, आणि हात बांधून घ्यायला वित्त विभाग सहसा राजी नसतो. आमच्या मते निदान देखभालीपुरता तो असावा. नवे रस्ते फीत कापायला मिळतात म्हणून होतात, दुरुस्तीला वाली नसतो.

प्रश्न (नाशिकरोड): नाशिक-पुणे रेल्वेचा राज्याचा वाटा एकदाचा का देऊन टाकत नाहीत?

उत्तर: मूळ प्रस्ताव सुमारे २३५ किलोमीटरचा, त्यात राज्य आणि रेल्वे प्रत्येकी २० टक्के, बाकी मुख्यतः कर्ज. पण नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे मार्गच बदलायची वेळ आली. मार्ग बदलला की जमीन, बोगदे, पूल सगळ्यांचा हिशेब बदलतो. नवा खर्च ठरेपर्यंत मोठी तरतूद केली तरी ती मार्चअखेर परतच जाईल.