वीज गेली की ऑफिसचा व्हॉइसमेल सेटिंग्ज विसरतो, बिघाड कुठे शोधायचा?

वीज गेल्यावर मेलबॉक्सचे पासवर्ड आणि एक्स्टेन्शनची जुळणी पुसली जाते, कधीकधी रेकॉर्ड केलेलं ग्रीटिंगही जातं, असं तुम्ही लिहिलंय. अशा तक्रारीत मी आधी घड्याळ बघतो. वीज परत आल्यावर सिस्टीमची तारीख भलत्याच जुन्या वर्षात गेली असेल, तर संशय बॅकअप बॅटरीवर, म्हणजे वीज नसताना घड्याळ आणि मेमरी जागी ठेवणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या बॅटरीवर. तारीख-वेळ बरोबर आहे आणि सेटिंग्ज तेवढी गेली, तर बॅटरी बदलून बहुधा काही होणार नाही. तेव्हा बदल कायमच्या मेमरीत पोचलेच नसतात, किंवा नंतर त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलेलं असतं. सिस्टीम नेटवर्कवरून वेळ घेत असेल तर ही परीक्षा नेटवर्क केबल काढूनच करा, नाहीतर घड्याळ आपोआप जुळतं आणि तुम्ही फसता.

काहीही उघडण्याआधी, सिस्टीम नीट चालू असताना, पूर्ण प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे सगळ्या सेटिंग्जचा, बॅकअप घ्या. बॅकअपची सोय नसेल तर प्रत्येक मेलबॉक्सची माहिती कागदावर उतरवा. कंटाळवाणं आहे, पण इथे आळस महागात पडतो.

आता बॅटरी. जुन्या पीबीएक्सला (ऑफिसच्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजला) जोडलेल्या व्हॉइसमेल कार्डांत प्रोग्रॅमिंग बऱ्याचदा एसरॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) असतं आणि वीज नसताना ते बॅटरीवर टिकतं. ग्रीटिंग आणि निरोप मात्र फ्लॅशवर किंवा हार्ड डिस्कवर असतात. म्हणून ग्रीटिंग शाबूत आणि प्रोग्रॅमिंग गायब, हे बॅटरीचं नेहमीचं लक्षण. ग्रीटिंगही जात असेल तर डिस्क किंवा फ्लॅश तपासावी लागेल.

सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल नवा असताना ३ व्होल्टच्या थोडा वर असतो. २.७ च्या खाली उतरला की बदला. कारण असं की सेल आणि मेमरी यांच्यामध्ये बहुतेक बोर्डांवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, तो साधारण ०.३ ते ०.६ व्होल्ट खातो, आणि अनेक एसरॅमना माहिती टिकवायला किमान २ व्होल्ट लागतात. म्हणजे २.५ व्होल्टचा सेल मीटरवर बरा दिसतो, पण मेमरीपाशी १.९ च उरू शकतात. मोजमाप सिस्टीम बंद ठेवून तासाभराने, सेल सॉकेटमध्ये असतानाच घ्या. बाहेर काढून, भाराशिवाय मोजलेला आकडा उगाच चांगला येतो.

बदलताना मॅन्युअल बघा. काही सिस्टीममध्ये सेल वीज चालू ठेवून बदलायचा असतो, कारण बंद करून काढला की उरलंसुरलं प्रोग्रॅमिंगही जातं. मात्र पॉवर सप्लाय उघडा पडत असेल तर हट्ट करू नका. वीज बंद करा, सेल बदला आणि बॅकअपमधून सगळं परत भरा. हाताला अँटिस्टॅटिक पट्टा हवा. सेल बोटांनी सपाट बाजूंवर धरू नका आणि सॉकेटचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

सॉकेटमधल्या सेलचा प्रकार अक्षर-अक्षर वाचा. बोर्डावर एमएल२०३२ किंवा एलआयआर२०३२ असेल तर तो रिचार्जेबल आहे आणि बोर्ड त्याला चार्ज करतो; तिथे साधा सीआर२०३२ बसवला तर तो फुगू किंवा फुटू शकतो. आकार सारखाच असल्यामुळे ही चूक अगदी सहज होते. सोल्डर केलेला सेल असेल तर पट्ट्या लावलेलाच नवा आणा, सेलवर थेट सोल्डरिंग करू नका. निकेल-कॅडमियमची बॅटरी गळून हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड जमली असेल तर बॅटरी कापून काढा, जागा आधी व्हिनेगरने आणि मग अल्कोहोलने साफ करा, आणि भिंगाखाली ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, तुटलेत का बघा. ट्रेस खाल्लेला असेल तर नवी बॅटरीही उपयोगाची नाही.

कव्हर उघडंच आहे तर बॅटरीचा जम्पर (बॅटरी जोडणारी छोटी टोपी) आणि इनिशिअलाइझचा, म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरू करण्याचा, स्विचही बघून घ्या. काही बोर्ड सेल वाचावा म्हणून जम्पर न जोडता पाठवले जातात. स्विच ‘इनिशिअलाइझ’वर राहिला तर प्रत्येक रीसेटला सिस्टीम कोरी होते, आणि बिचाऱ्या बॅटरीवर आळ येतो.

घड्याळ ठीक असेल तर प्रश्न सेव्ह करण्याचा. बऱ्याच सिस्टीममध्ये चालू सेटिंग आणि साठवलेली सेटिंग वेगवेगळी असते. सिस्को युनिटी एक्स्प्रेस या व्हॉइसमेल सिस्टीममध्ये ‘राइट’ कमांड दिली नाही तर कॉन्फिगरेशनमधले बदल रीस्टार्टला जातात. अॅस्टरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर मूळ सेटिंगनुसार फोनवरून बदललेला पासवर्ड व्हॉइसमेलच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्येच लिहितं, त्यामुळे त्या फाइलवर त्याला लिहिण्याची परवानगी हवी. तीच फाइल दुसरी एखादी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) जुन्या प्रतीने बदलत असेल तर पासवर्ड जुने होणारच. सिस्टीम कंटेनरमध्ये (सर्व्हरवर वेगळ्या चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डब्यात) असेल तर कॉन्फिग आणि स्पूलचे (निरोप साठवण्याचे) फोल्डर डब्याबाहेरच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे कायमच्या साठवणीत, आहेत का ते बघा. नसतील तर कंटेनर नव्याने बनला की सगळं पुसलं जातं.

वीज न जाताही रोज ठराविक वेळी सेटिंग जात असतील तर नाइट जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, शोधा. वेळेचा काही नियम नसेल तर डिस्क भरलीय का, फाइल सिस्टीम रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी, लिहिता न येणारी) झालीय का आणि पॉवर सप्लायचा व्होल्टेज भाराखाली पडतो का, हे तपासा. यूपीएस जरूर लावा, पण बिघाड सापडल्यावर. आधी लावला तर दोष फक्त झाकला जातो.

दुरुस्तीनंतर चाचणीसाठी एक ग्रीटिंग आणि एक पासवर्ड बदला, सेव्ह करा, आणि सिस्टीम आधी रीतसर बंद करून मगच प्लग काढा. पाच मिनिटांनी चालू करून पाहण्यात अर्थ नाही, कारण तेवढा वेळ बोर्डावरचा कपॅसिटरच मेमरी धरून ठेवू शकतो. रात्रभर बंद ठेवा, सकाळी नेटवर्क केबल न लावता चालू करा आणि घड्याळ, ग्रीटिंग, पासवर्ड या क्रमाने बघा.