थ्रेडरिपर: कोअर मोजण्याआधी लेन आणि चॅनेल मोजा

तुमचा प्रश्न असा: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं काम, दोन ग्राफिक्स कार्डं, मशीन रोज दहा तास चालणार. एएमडीचा वर्कस्टेशनसाठीचा प्रोसेसर थ्रेडरिपर ७९६०एक्स घ्यावा, थोडे जास्त मोजून प्रो ७९५५डब्ल्यूएक्स घ्यावा, की साध्या रायझन ९ ९९५०एक्सवर भागेल? शिवाय जुन्या बाजारात प्रो ३९७५डब्ल्यूएक्स स्वस्तात दिसतोय, तो कसा?

आधी ९९५०एक्सचं बघू. १६ कोअर आहेत आणि रेंडर कार्डांवरच होणार असेल तर ते पुरेसे आहेत. अडचण मदरबोर्डाची. प्रोसेसरकडून कार्डं वगैरे जोडायला २४ लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, म्हणून दोन्ही कार्डं आठ-आठ लेनवर चालवणारा बोर्डच हवा. स्वस्त बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसायला पूर्ण असतो, पण आतून चिपसेटच्या (बोर्डावरच्या साहाय्यक चिपच्या) चार लेन. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये सीन एकदा कार्डात चढला की आठ लेनने फारसं बिघडत नाही. रॅमला मात्र दोनच चॅनेल (प्रोसेसरपर्यंतचे मार्ग), आणि चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ५६०० वरून ३६०० वर येतो. दोन स्टिकमध्ये १२८ जीबी होते. तेवढ्यात तुमचे सीन मावत असतील तर थ्रेडरिपरवर पैसे घालू नका.

मावत नसतील तर ७९६०एक्स. प्रो ७९५५डब्ल्यूएक्स बघून लोक फसतात, कारण कागदावर रॅमचे आठ चॅनेल आणि १२८ लेन. पण त्याचे १६ कोअर दोनच चिपलेटमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपांमध्ये) आहेत, आणि एक चिपलेट मेमरीतून सेकंदाला साधारण ६० जीबीच वाचू शकतो. डीडीआर५-५२०० च्या आठ चॅनेलची क्षमता ३३२ जीबी. त्यातलं १२० च्या आसपासच कोअरपर्यंत पोचणार. ७९६०एक्समध्ये २४ कोअर चार चिपलेटमध्ये वाटलेले आहेत, चार चॅनेल मिळून १६६ जीबी, आणि ते सगळं वापरता येतं. प्रो घ्यायचाच तर चार-पाच कार्डं किंवा प्रचंड रॅम हे कारण असावं. ९९६०एक्स त्याच एसटीआर५ सॉकेटमध्ये बसतो, २४ कोअर, रॅम ६४०० ची. किमतीत फार अंतर नसेल तर तोच घ्या. फक्त बोर्डाचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) त्याला ओळखतो का ते दुकानदाराकडून आधी वदवून घ्या.

जुना ३९७५डब्ल्यूएक्स लेनोवोच्या पी६२० वर्कस्टेशनमधून काढलेला असण्याची शक्यता बरीच. त्या मशीनमध्ये प्रोसेसर लेनोवोच्या बायोसशी कायमचा बांधला जातो, दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर तो बूटच होत नाही, आणि हे कुलूप उघडत नाही. विकणाऱ्याला ‘दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालवून दाखव’ म्हणा. त्याने टाळाटाळ केली तर सोडून द्या. जुना स्वस्त बोर्ड शोधतानाही जपून: टीआर४, एसटीआरएक्स४ आणि एसडब्ल्यूआरएक्स८ तिन्ही सॉकेटला ४०९४ पिना आहेत, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही.

थ्रेडरिपरसाठी रॅम घेताना आरडीआयएमएम (सर्व्हर-वर्कस्टेशनची रजिस्टर्ड रॅम) हीच घ्या. घरच्या पीसीची डीडीआर५ स्टिक इथे बसत नाही, खाचच वेगळ्या जागी आहे. वीजही वेगळी, हिला ५ व्होल्ट आणि आरडीआयएमएमला १२. चार स्टिक एकदमच घ्या. दोन घेऊन ‘बाकीच्या पुढच्या वर्षी’ केलंत तर निम्मी बँडविड्थ गेली.

आता बसवणं. इथेच सगळ्यात जास्त तक्रारी होतात आणि दोष दिला जातो रॅमला. सॉकेटवर तीन टॉर्क्स टी२० स्क्रू आहेत, शेजारी १, २, ३ असे आकडे. सोडताना ३-२-१, आवळताना १-२-३. प्रोसेसर प्लॅस्टिकच्या चौकटीत येतो, ती काढायची नाही. चौकटीसकट रुळात सरकवायचा. सॉकेटच्या पिनांना बोट लागू देऊ नका. प्रोसेसरच्या खोक्यात टॉर्क ड्रायव्हर येतो, तोच वापरायचा आणि ‘कट्ट’ झालं की थांबायचं. हाताच्या अंदाजाने आवळलं की दाब कमी-जास्त पडतो, मग बायोसमध्ये चारपैकी तीनच स्टिक दिसतात किंवा एखादा स्लॉट मेल्यासारखा वागतो. असं झालं तर रॅम परत पाठवण्याआधी कूलर उतरवा, प्रोसेसर काढून पिना बघा आणि पुन्हा क्रमाने आवळा. बहुतेकदा स्टिक ठणठणीत असते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते. मेमरी ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. बोर्डावरचा कोड बदलतोय तोवर बटणाला हात लावू नका.

कूलर एसटीआर५ साठीच बनवलेला घ्या. साध्या लिक्विड कूलरची गोल तळपट्टी प्रोसेसरच्या झाकणाच्या कडांपर्यंत पोचत नाही, आणि चिपलेट बरेचसे कडेलाच असतात. पेस्टचा मधोमध एक ठिपका इथे पुरत नाही, पूर्ण झाकणावर पसरवा.

विजेचा हिशेब लोक शेवटी करतात. प्रोसेसर ३५० वॅट, ३०० वॅटची दोन कार्डं, बाकीचं धरून भिंतीवर १२०० च्या आसपास. दहा तासांना १२ युनिट. ६ अँपिअरच्या प्लगची मर्यादा १३८० वॅट, म्हणजे तो सतत काठावर. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या. दुकानातला ६०० व्हीए यूपीएस या लोडवर तत्काळ ट्रिप होईल, निदान २ केव्हीए साइनवेव्ह हवा. आणि हे १२०० वॅट खोलीतच उष्णता म्हणून उतरतात, त्यामुळे विदर्भात असाल तर एसीचं बजेटही यातच धरा.

विंडोजमध्ये २४ कोअरला, म्हणजे एका कोअरमागे दोन धरून ४८ थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना), काही अडचण नाही. ६४ थ्रेडच्या वर गेलात की विंडोज त्यांचे गट पाडतं आणि जुनी सॉफ्टवेअरं एकाच गटावर चालतात. ६४ कोअरचा प्रोसेसर घेऊन अर्धाच वापरला जातो तो यामुळे.

कार्डं नेमकी कुठली आणि सगळ्यात मोठ्या सीनला रॅम किती लागते ते लिहा, म्हणजे बोर्ड आणि पॉवर सप्लाय सुचवता येईल.