तेजोमेघांच्या फोटोसाठी आधी मोठी दुर्बीण घ्यावी की कूल्ड कॅमेरा?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा कळला: 8 इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण, फोकल लेंथ 1000 मिलिमीटर, मोटर असलेलं मध्यम ताकदीचं विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण वळवणारा आधार) आणि एक जुना डीएसएलआर. मृगातला तेजोमेघ 30 सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये उमटतो, पण तारे लांबट येतात, कडेचे तारे आणखीच विचित्र दिसतात आणि लाल रंग जवळपास नसतोच. मग पुढचा खर्च कशावर करायचा, मोठ्या दुर्बिणीवर की कूल्ड (सेन्सर थंड ठेवणाऱ्या) कॅमेऱ्यावर?

माझं स्पष्ट मत: सध्या दोन्हींवर नको. त्याच माउंटवर हलकं आणि आखूड काहीतरी चढवा. 200 मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स असेल तर तीच लावा. 400च्या आसपासचा छोटा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) मिळाला तर फारच छान. तुमच्याकडे प्रकाश गोळा करायला काच भरपूर आहे. अडचण आहे ती गोळा झालेला प्रकाश त्याच पिक्सेलवर धरून ठेवण्याची.

तेजोमेघ म्हणजे दूरचं आणि चिमुकलं काहीतरी, म्हणून मोठी दुर्बीण हवी, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात यातले प्रसिद्ध तेजोमेघ आकाशात चांगले ऐसपैस पसरलेले आहेत. मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम 42, साधारण एक अंशाचा, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत एवढा. शृंगाश्वातला रोझेट त्याहून थोडा मोठा. हंसातला नॉर्थ अमेरिका तर दोन अंशांच्या घरात जातो. एपीएस-सी (बहुतेक साध्या डीएसएलआरमधला) सेन्सर आणि 1000 मिलिमीटर फोकल लेंथ यांतून तुम्हाला जेमतेम 1.3 अंश बाय 0.9 अंशाची चौकट मिळते, 400 मिलिमीटरला ती सव्वातीन अंशांहून जास्त रुंद होते. हे तेजोमेघ लहान नाहीत, अंधूक आहेत, आणि अंधूक वस्तूला हवा असतो वेळ.

हेन्री ड्रेपर या अमेरिकी हौशी खगोलनिरीक्षकाचं उदाहरण मला या बाबतीत फार आवडतं. मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो त्याने 30 सप्टेंबर 1880 रोजी 11 इंची दुर्बिणीतून घेतला, 51 मिनिटांच्या एक्स्पोजरने. त्यात तेजस्वी गाभा तेवढा उमटला. मार्च 1882मध्ये त्याने 137 मिनिटांचं एक्स्पोजर दिलं, तेव्हा बाहेरचे फिके पदरही प्लेटवर आले. दुर्बीण तीच होती.

आता हिशेब करू. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, 206ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेंथने भागा. एका पिक्सेलवर आकाशाचा किती आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) तुकडा पडतो ते कळतं. तुमचा पिक्सेल 4.3 मायक्रॉनचा धरला, तर 1000 मिलिमीटरला उत्तर येतं 0.9, 400ला 2.2 आणि 200ला 4.4.

माउंटच्या आतला वर्म गिअर साधारण 8 ते 10 मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. त्याच्या दातांतल्या बारीक असमानतेमुळे दुर्बीण त्या काळात थोडी पुढे, थोडी मागे सरकते. मध्यम दर्जाच्या माउंटमध्ये हे मागेपुढे होणं एकूण 30 आर्कसेकंद असलं तरी त्यात वावगं काही नाही. या झोक्याच्या सर्वांत वेगवान टप्प्यात 30 सेकंदांत तारा सुमारे 6 आर्कसेकंद सरकतो. 1000 मिलिमीटरला ते साडेसहा पिक्सेल होतात, म्हणजे तारा लांबट दिसणारच. 400ला ते अडीच-पावणेतीन पिक्सेल, 200ला सव्वा-दीड. माउंट तेच आणि दोषही तोच, पण फोटोत तो दिसेनासा होऊ लागतो. शिवाय 8 इंची नळीचं वजन आणि वाऱ्याला मिळणारा तिचा पृष्ठभाग हे वेगळंच. माउंटवर लिहिलेली वजनमर्यादा डोळ्याने बघण्यासाठी असते असं समजा. फोटोसाठी त्याच्या अर्ध्यापर्यंत, फार तर दोन-तृतीयांशापर्यंत थांबावं.

काहीही विकत घेण्याआधी मात्र एक काम करा: तुमच्या कच्च्या फ्रेम 100 टक्के मोठ्या करून ताऱ्यांचे आकार बघा. आपल्या सेटअपमध्ये काय बिघडलंय हे ताऱ्यांइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही, आणि उपकरणांबद्दलच्या चर्चेत नेमकं हेच मागे पडतं.

सगळ्या फ्रेमभर तारे एकाच दिशेला, सारखेच लांबट असतील तर दोष ट्रॅकिंगचा. पण कुठल्या अक्षाचा? त्यासाठी सोपी युक्ती आहे. एक्स्पोजर संपत आलं की शेवटची काही सेकंदं ट्रॅकिंग बंद करा. प्रत्येक ताऱ्याला एक लांब शेपूट येईल, ती पूर्व-पश्चिम दिशा. मूळ लांबटपणा या शेपटीच्याच दिशेने असेल तर दोष बहुधा वर्म गिअरचा किंवा तोल नीट नसल्याचा. तिला काटकोनात असेल तर ध्रुवसंधान चुकलंय, म्हणजे माउंटचा अक्ष खऱ्या ध्रुवाकडे नाही. काही फ्रेम स्वच्छ आणि काही बिघडलेल्या, असं असेल तर वारा, लोंबणारी केबल किंवा ट्रायपॉडजवळची ये-जा तपासा.

मध्यभागी तारे गोल आणि कडेला धूमकेतूसारखे, शेपट्या मध्यापासून बाहेर पसरलेल्या, हा न्यूटोनियनचा कोमा. तुमच्या कडेच्या ताऱ्यांचं वर्णन वाचून मला हाच संशय येतो. त्यावर कोमा करेक्टर (कॅमेऱ्यापुढे लावायचं भिंग) हा उपाय आहे, ट्रॅकिंग कितीही सुधारलं तरी हा दोष जाणार नाही. एकाच कोपऱ्यात बिघाड असेल तर कॅमेरा तिरका बसलाय किंवा फोकसर वजनाने झुकतोय. चारही कोपऱ्यांत सारखाच बिघाड असेल आणि करेक्टर किंवा फ्लॅटनर (रिफ्रॅक्टरसाठीचं तसंच भिंग) आधीच लावलेला असेल, तर त्याच्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक करेक्टरना ते 55 मिलिमीटर लागतं आणि एखाद्या मिलिमीटरचा फरकही कोपऱ्यात दिसतो. मध्ये फिल्टर टाकलात तर त्याच्या काचेच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश एवढं अंतर वाढवावं लागतं. सगळेच तारे फुगलेले किंवा मधोमध पोकळ असतील तर फोकस. बाहतिनोव मास्क (फोकस जुळवायची खाचांची जाळी) लावून एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस करा आणि तापमान उतरेल तसा तो पुन्हा तपासत राहा. थंडी वाढते तशी नळी आकुंचन पावते, म्हणून संध्याकाळी जमलेला फोकस मध्यरात्री टिकत नाही.

ध्रुवसंधानाबद्दल थोडं अधिक सांगते, कारण तुम्ही ‘ध्रुवताऱ्याकडे तोंड करून ठेवतो’ असं लिहिलंय. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे. माउंट अर्ध्या अंशाने चुकलं असेल तर 30 सेकंदांत तारे जवळपास 4 आर्कसेकंदांपर्यंत वाहतात, म्हणजे तुमच्या सध्याच्या फोकल लेंथला चार-साडेचार पिक्सेल. हीच चूक 5 आर्कमिनिटांवर (एक आर्कमिनिट म्हणजे 60 आर्कसेकंद) आणली की वाहणं एका पिक्सेलच्या आत येतं. पोलर स्कोप (माउंटच्या अक्षातली छोटी दुर्बीण) नीट वापरला तर एवढं सहज साधतं. ध्रुवाकडची बाजू झाडाआड किंवा इमारतीआड असेल तर नीना या मोफत सॉफ्टवेअरमधलं तीन बिंदूंचं ध्रुवसंधान वापरा. ते आकाशाच्या कुठल्याही भागाचे फोटो घेऊन चूक मोजून देतं.

यानंतर पहिली खरेदी करायचीच असेल तर ती ऑटोगाइडिंगची करा: एक लहानसा गाइडस्कोप (जोडीला लावायची छोटी दुर्बीण), एक छोटा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि पीएचडी2 हे मोफत सॉफ्टवेअर. ते दर एक-दोन सेकंदांनी ताऱ्याची जागा बघून माउंटला दुरुस्त्या देतं. वर्म गिअरचा झोका त्यात बराचसा विरून जातो. गाइडिंगची चूक तुमच्या एका पिक्सेलच्या आत राहिली की झालं, आलेखातला आकडा आणखी खाली आणायच्या मागे रात्र घालवू नका. फक्त एवढं लक्षात असू द्या की सैल क्लॅम्प किंवा लचकणारा गाइडस्कोप यावर गाइडिंगचा काही इलाज चालत नाही.

आता लाल रंग. तो तुमच्या कॅमेऱ्यात अडतो. तेजोमेघातला लाल म्हणजे हायड्रोजन-अल्फा, 656.3 नॅनोमीटरचा. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर जो फिल्टर असतो तो अवरक्त प्रकाशाबरोबर यातलाही बहुतांश कापून टाकतो. उरतो तो ऑक्सिजनचा 500.7 नॅनोमीटरचा निळसर हिरवा, जो डोळ्यालाही दुर्बिणीतून हिरवटसर दिसतो. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सने 1864मध्ये वर्णपटात ही हिरवी रेषा पाहिली. ती पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेनने 1927मध्ये दाखवलं. तुमच्या फिकट हिरव्या-निळ्या फ्रेममध्ये तोच प्रकाश आहे, तेव्हा ती फेकून देऊ नका.

लाल हवाच असेल तर जाणकाराकडून तो फिल्टर काढून घ्यावा किंवा आधीच तसा बदल केलेला जुना कॅमेरा घ्यावा. कूल्ड कॅमेऱ्याचा विचार त्यानंतरचा. शहरी आकाशातून फोटो काढत असाल तर बदल केलेल्या कॅमेऱ्यावर ड्युअल नॅरोबँड फिल्टर लावा, फरक डोळ्यात भरेल. तो फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांभोवतीचा प्रकाश आत सोडतो, त्यामुळे दिव्यांचा उजेड आणि चांदणं बरंच कमी होतं. पण कृत्तिकांभोवतीचा किंवा एम 78सारखा परावर्तित प्रकाशाचा तेजोमेघ याने उलट मरतो, कारण तिथली धूळ ताऱ्यांचा संपूर्ण वर्णपट परतवते. तिथे फिल्टर काढा आणि अंधाऱ्या जागी जा, दुसरा उपाय नाही.

एक्स्पोजर किती मिनिटांचं, यावर वाद घालत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावी कड सोडून चौथाई ते एक-तृतीयांशावर आला की पुरे. उजळ आकाशात ते 30-60 सेकंदांतच होईल. महत्त्वाची असते ती फ्रेमची बेरीज. सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून फोटो दुप्पट स्वच्छ हवा तर वेळ चौपट द्यावा लागतो. एका तासाचा फोटो आणि चार तासांचा फोटो यांतला फरक कुठल्याही नव्या उपकरणापेक्षा मोठा असतो. अनेक रात्रींच्या फ्रेम एकत्र जोडता येतात, तेव्हा दर रात्री नवं लक्ष्य न शोधता एकालाच धरून बसा.

दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण थोडी सरकवा, म्हणजे डिदरिंग करा. नाहीतर सेन्सरचे ठरावीक डाग स्टॅकिंगमध्ये (फ्रेम एकावर एक जोडताना) एकमेकांवर साचून तिरके ओघळ तयार होतात. फ्लॅट फ्रेम न चुकता घ्या: दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून, एकसारख्या प्रकाशात, फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा अजिबात न हलवता. कोपऱ्यातला काळोख आणि धुळीची वर्तुळं त्यानेच जातात. डार्क फ्रेमही (झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरच्या) घ्या, पण बिनकूलिंगच्या डीएसएलआरमध्ये तापमान जुळणं कठीण असतं, त्यामुळे त्यांच्याबाबत फार काटेकोर होऊ नका.

स्टॅकिंगसाठी सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, दोन्ही मोफत आहेत. स्टॅक उघडल्यावर पडदा जवळजवळ काळा दिसेल. घाबरू नका, सगळा तेजोमेघ हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला दाटलेला असतो. आधी पार्श्वभूमीचा उतार काढा, मग रंग जुळवा आणि त्यानंतरच हळूहळू स्ट्रेच करा, म्हणजे फिके भाग उजळवा. हा क्रम उलटा केला की शहराचा पिवळट उजेडही तेजोमेघाबरोबर वर येतो आणि मग तो वेगळा करणं अवघड जातं.

एम 42चा गाभा इतका तेजस्वी आहे की मिनिटभराच्या फ्रेममध्ये तो पांढरा फटक होतो आणि आतल्या ट्रॅपेझियम या चौकडीचे तारे हरवतात. त्यासाठी 5 ते 10 सेकंदांच्या काही फ्रेम वेगळ्या घ्या, त्यांचा वेगळा स्टॅक करा आणि शेवटी लेयर मास्कने तो गाभा मुख्य चित्रात बसवा.

तुमची 8 इंची दुर्बीण मात्र विकू नका. गाइडिंग जमलं आणि कोमा करेक्टर आला की 1000 मिलिमीटरला खरी कामं आहेत. जंबुकातला एम 27 फक्त 8 आर्कमिनिटांचा आहे आणि वीणेतला एम 57 दीड आर्कमिनिटाचाही नाही. 200च्या लेन्समध्ये तो फुगलेल्या ताऱ्यासारखा दिसतो, तुमच्या दुर्बिणीत त्याचं कडं उलगडतं. त्या दिवसांसाठी कोलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत का) दर वेळी, नळी माउंटवर चढवल्यानंतर, तपासायची सवय आत्तापासून लावून घ्या.