व्हर्जिनियातल्या (अमेरिकेतली तेव्हाची इंग्रज वसाहत) एका पूर्वजांच्या १७४० च्या मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नाही. तो त्यांचा मुलगा नव्हता का?

एवढ्यावरून तसं ठरवू नका. थोरल्याला बाप अनेकदा हयातीतच जमीन लिहून द्यायचा, आणि मृत्युपत्रात कुणाच्या नावे न केलेली जमीन थोरलेपणाच्या हक्काने त्यालाच जायची. तेव्हा आधी काउंटीची (तिथल्या जिल्ह्याची) खरेदीखतं उघडा. त्यांत चतुःसीमा असतात: अमुक ओढा, खूण केलेला पांढरा ओक. तोच ओढा, तोच ओक वीस वर्षांनी दुसऱ्याच्या विक्रीखतात आला आणि मधे खरेदीची नोंदच नाही, तर जमीन बहुधा वारशाने आलेली. विक्रीच्या वेळी बायकोने आपला विधवाहक्क (नवऱ्यामागे त्याच्या जमिनीतला तिचा वाटा) सोडल्याची नोंद असली तर तीही वाचा. कित्येकदा तिचं नाव फक्त तिथेच सापडतं. लगतच्या शेजाऱ्यांची नावं जरूर उतरवून घ्या, सोयरिकी तिथेच व्हायच्या. आणि १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, तारखा जुळवताना सांभाळा.