लातूरला नोकरी करतो. दिवाळीला एकदा पैसे देऊन मोकळं होण्यापेक्षा इथल्या संस्थांना वर्षभर मदत कशी करता येईल?

मी पण लातूरचाच, गंजगोलाईजवळ छोटं दुकान आहे आणि शहराबाहेरच्या एका वसतिगृहाचे हिशोब गेली सहा वर्षं रविवारी जाऊन लिहितो. ऊसतोड कामगारांची लेकरं असतात तिथं. पैसा कधी येतो अन् कधी आटतो हे मला वहीतच दिसतं, म्हणून सांगायलोय.

दिवाळीच्या आठ दिवसात आमच्याकडं एवढा चिवडा अन् सोनपापडी येते की शेवटी बॉक्स मोजणं सोडून देतो आम्ही. आणि नेमकं त्याच सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात, आईबाप गेले की वसतिगृहात पोरांची संख्या वाढते, म्हणजे फराळ संपतो अन् तोंडं वाढतात असला उलटा कारभार आहे. मार्च-एप्रिलला कारखाने बंद होऊन माणसं परत येईपर्यंत हे चालतं. पण सगळ्यात वाईट दिवस कोणते म्हणाल तर जून ते ऑगस्ट. शाळा उघडते, वह्या-दप्तरं लागतात, आणि आपल्या मराठवाड्यात तेव्हा प्रत्येकाचा पैसा बियाण्या-खतात अडकलेला असतो, देणारा तरी कुठून देणार? सोयाबीन विकलं की हात मोकळा होतो, म्हणून दान पण दिवाळीला येतं. तुम्हाला दर महिन्याला पगार आहे ना, मग तुम्ही नेमकं जूनला कामी येऊ शकता.

तर माझं म्हणणं एवढंच की महिन्याला दोनशे-तीनशे का होईना पण ठरवून द्या, बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला आपोआप पैसे जायची सोय) टाकून विसरून जा. पंख्याच्या पात्यावर आजोबांचं नाव टाकून द्यायला चार जण तयार असतात हो, तो पंखा फिरवायचं लाईट बिल कोणी भरायचं? स्वयंपाकाच्या मावशीचा पगार, भाजीवाल्याची उधारी, गाडीचं डिझेल, याला कोणी फोटो काढत नाही म्हणून कोणी देत पण नाही. दर महिन्याला येणार म्हणून माहीत असलेले ३०० रुपये आम्हाला एकदाच आलेल्या ५ हजारापेक्षा जास्त उपयोगी पडतात, त्याच्या जिवावर किराणावाल्याला तारीख तरी देता येते.

पावती मात्र मागा, लाजू नका. ८०जी (देणगीवर आयकरात सूट मिळायची नोंदणी) असलेल्या संस्थेला दिलं तर साधारण निम्म्या रकमेची सूट उत्पन्नात मिळते, पण ती जुन्या कर पद्धतीतच, आणि २ हजारापेक्षा जास्त रोख दिली तर त्या रकमेला सूट नाही. नवीन पद्धतीत असाल तर सूट विसरा, पावती तरी पण घ्या, कारण हिशोब ठेवणारी संस्था कोणती हे तिथंच कळतं.

पैसे नसतील तरी चालतंय. क्लासेसच्या ट्युशन एरियात मे महिन्यात 'नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा) झाली की पोरं रूम सोडून जातात, गाद्या, बादल्या, टेबल लॅम्प, गाईडं सगळं तिथंच टाकून. मागच्या वर्षी मी अन् माझा मेव्हणा छोटा हत्ती टेम्पो घेऊन दोन गल्ल्या फिरलो, तर १४ गाद्या निघाल्या, त्यातल्या चांगल्या ११. घरमालक उलट खूश, त्यांना तो कचराच वाटतो. आणि रक्तदान उन्हाळ्यात करा, कॉलेजं बंद असली की शिबिरं होत नाहीत अन् तेव्हाच रक्तपेढ्यांची ओढाताण चालू असते. पुरुषाला तीन महिन्यातून एकदा देता येतं, बाईला चार.

जुने कपडे नकोत. आमचे वडील किल्लारीच्या भूकंपाचं (३० सप्टेंबर १९९३, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन) अजून सांगतात, ट्रकच्या ट्रक कपडे आले, जॉर्जेटच्या साड्या अन् कोट, चिखलात पडून राहिले. त्याच भूकंपातल्या अनाथ मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं, लातूरजवळ हासेगावला एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी सेवालय आहे, अंबाजोगाईला खेड्यापाड्यात काम करणारी मानवलोक संस्था. असल्या ठिकाणी एकदा स्वतः जाऊन या, अर्धा दिवस बसा. वाढदिवसाचा केक घेऊन मात्र जाऊ नका बाबा, अनोळखी माणसासाठी टाळ्या वाजवताना त्या पोरांची तोंडं बघवत नाहीत मला.

आणि जायच्या आधी फोन करून फक्त एवढं विचारा, 'सध्या काय लागायलंय?' आमच्या वॉर्डन ताईंना मी असंच विचारलं होतं, वाटलं तांदूळ म्हणतील. त्या म्हणाल्या, मोठ्या कुकरचं रबर, फिनाईल, अन् मुलींसाठी पॅड, ते दर महिन्याला लागतात पण मागायला लाज वाटते.




तेव्हापासून पॅडचा एक बॉक्स माझ्या दुकानातून दर एक तारखेला जातो.