जाहिरातीत तुझ्या विषयाचं नाव नसतं

नाशिक

सप्रेम आशीर्वाद.

भाषाविज्ञानात एम.ए. करून तू पुण्याहून घरी आलीस आणि तेव्हापासून जाहिराती चाळते आहेस. 'भाषावैज्ञानिक पाहिजे' असं कुठंच दिसत नाही म्हणतेस. फारसं दिसणारही नाही. नाशिकचं एचपीटी कॉलेज घे नाहीतर केटीएचएम, आपल्याकडे जागा निघतात त्या मराठीच्या, इंग्रजीच्या. तुझ्या विषयाचा स्वतंत्र विभाग हवा तर डेक्कन कॉलेज किंवा मुंबई विद्यापीठ.

प्राध्यापकीचं आधी उरकतो. नेट-सेट या पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. याला पर्याय नाही. नेटला भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, उणे गुण नाहीत, तेव्हा फॉर्म भरून टाक. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती निघाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, 'पुढं काय?' विचारणारे नातेवाईक निदान काही काळ गप्प बसतील. मराठी विभागाच्या जागेला अर्ज करणार असशील तर 'संबंधित विषय' ही ओळ नीट वाच आणि तुझी पदवी चालते का ते आधी लेखी विचारून घे. मुलाखतीच्या दिवशी कळलं तर उपयोग नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, एखादं वर्ष जरूर शिकव, हात बसेल. त्यावर घर चालवायचं म्हणशील तर माझा साफ विरोध आहे. मे महिन्यात तास नसतात, म्हणजे पैसेही नसतात.

भाषेच्या प्रकल्पांकडे मात्र तुम्ही मुलं उगाच नाक मुरडता. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून आहे, पुण्यात संगणक संशोधनाची सी-डॅक आहे, आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेटचं, म्हणजे शब्दांच्या अर्थसंबंधांच्या संगणकीय कोशाचं, काम झालं, २०२२ मध्ये केंद्राची 'भाषिणी' ही यंत्रभाषांतराची योजना आली. अशा कामांत माणसं कंत्राटावरच घेतात, पदाचं नाव 'प्रकल्प सहायक' किंवा 'रिसोर्स पर्सन' असतं आणि मुदत संपली की पुन्हा धाकधूक. पण हातातून खरी भाषिक सामग्री जाते, आणि पुढची मुलाखत त्या सामग्रीवरच होते.

आता कंपन्या. तिथं 'लँग्वेज स्पेशालिस्ट', 'ॲनोटेटर' (मजकुरावर खुणा करणारा), 'लोकलायझेशन' (स्थानिक भाषेत आणणं), 'डेटा क्वालिटी' असे शब्द टाकून शोध. काम काय असतं म्हणशील, तर एक नमुना देतो. मोबाइलला मराठी वाचून दाखवायचंय. 'जग सुंदर आहे' आणि 'तू सुखानं जग' यांतला ज वेगळा आहे, लिपीत मात्र एकच. 'माझा'तला झ 'माझी'त बदलतो. यातला दुसरा प्रकार नियमात बसतो: पुढं इ किंवा ए आला की उच्चार तालव्य, म्हणजे 'झ्य'सारखा, होतो. पहिल्याला नियम पुरत नाही. उच्चारकोशात दोन नोंदी करायच्या आणि वाक्यात कोणती घ्यायची तेही ठरवायचं. हे इंजिनिअरला समजेल अशा तक्त्यात मांडता आलं की तुझी पदवी तिथं कामाला आली. थोडं पायथॉन लागेल. फाइली चाळण्यापुरतं आलं तरी सुरुवातीला भागतं.

दर नीट विचार. ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढण्याचे पैसे बहुधा ध्वनिफितीच्या मिनिटाला असतात, तुझ्या मिनिटाला नव्हे. तासाभराचं स्वच्छ बोलणं उतरवायला चार-सहा तास सहज जातात. मागं गिरणी चालू असेल तर विचारूच नकोस. नेमणूक कंपनीची आहे की मधल्या एजन्सीची, हेही पत्रावर बघ.

आणि तू अर्जात जे लिहिलंच नाहीस त्याचा मला राग आला. तुझं आजोळ सटाण्याचं, घरात अहिराणी बोलता. ग्रियर्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं भारतीय भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या सोबत नवव्या खंडात टाकलं. ते पटो न पटो, यंत्रासाठी ती वेगळी हाताळावी लागते एवढं खरं. 'काय करी राहिना' (काय करतोय) यातला 'राहिना' कुणी तसाच लिहितं, कुणी 'ऱ्हायना'. प्रमाण मराठीवर बेतलेलं यंत्र त्यात नकार शोधत बसेल. एक लेखन ठरवून ते शेवटपर्यंत पाळणारं माणूस कंपनीला हवं असतं, आणि अशी माणसं थोडी आहेत. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा बोलीचंही तेच.

तेव्हा अर्धा तास अहिराणी ध्वनिमुद्रित कर. बोलणाऱ्याची आधी परवानगी घे, नाव कुठं घालू नकोस. ईलान या सॉफ्टवेअरमध्ये वाक्यं तोड, प्राट या ध्वनी मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-चार स्वर मोज, आणि लेखनाचे नियम दोन पानांत लिही. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. ही फाइल अर्जाला जोड. गुणपत्रिका मागितली तर दे.

रविवारी सकाळी कॉलेज रोडला ये, लॅपटॉप घेऊन. मामी आल्या असतील तर त्यांनाही आण, पहिलं मुद्रण त्यांचंच करू. नेटचा फॉर्म तोवर भरलेला असू दे.

तुझा,
सर