माणसाचं शरीर जास्तीत जास्त किती वेग सहन करू शकतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पृथ्वी इतक्या वेगाने फिरते तरी आपल्याला कळत कसं नाही, आणि माणूस जास्तीत जास्त किती वेग सोसू शकेल. दुसऱ्याचं उत्तर आधी देते: शरीराला वेगाची मर्यादाच नाही. नुसत्या वेगाने माणसाला काहीही होत नाही. होतं ते वेग बदलताना. अकरावी-बारावीला मी हेच शिकवते, आणि घरातल्या एका माणसाला मात्र गेली पंधरा वर्षं पटवू शकलेले नाही.

तुम्ही आमच्या संगमनेरला बसून हे वाचत असाल, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे 1570 किलोमीटरने पूर्वेकडे चालला आहात. सूर्याभोवतीचा वेग ताशी 1 लाख 7 हजार किलोमीटर, तो वेगळाच. तरी बशीतला चहा हलत नाही. कारण आपल्या कानाच्या आत ज्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, आणि चुनखडीचे म्हणावेत असे जे बारीक खडे आहेत, त्यांना फक्त बदल कळतो. एसटीने गचका दिला की कळतं, वळण घेतलं की कळतं. एका लयीत चालायला लागली की डोळा लागतो.

26 मे 1969 ला अपोलो 10 या यानातून स्टॅफर्ड, यंग आणि सर्नन हे अंतराळवीर चंद्राकडून परत आले तेव्हा त्यांचा वेग ताशी 39,897 किलोमीटरपर्यंत गेला होता. त्या वेगाचा त्यांना काही त्रास नव्हता. वातावरणात शिरून यान मंदावू लागलं, तेव्हा अंग सहा-सात पट जड झालं.

आता मूळ दुखणं सांगते. 2010 ची भाऊबीज आटोपून आम्ही नारायणगावहून परत येत होतो. दाजी गाडी चालवत होते, ताई पुढे, तिच्या मांडीवर नऊ महिन्यांचा भाचा, आणि मी मागे. निघतानाच मी म्हटलं होतं, ताई, बाळाला घेऊन मागे बस आणि पट्टा लाव. दाजी म्हणाले, "आईच्या हातापेक्षा घट्ट पट्टा कुठला असतो?" सगळे हसले. ताईसुद्धा.

अंधार पडला होता. कारखान्याचा सीझन सुरू झालेला. उसाची ट्रॉली पुढे, मागे ना दिवा, ना रेडियम. दाजींना ती दिसली तेव्हा गाडी साठला होती. त्यांनी ब्रेक दाबला, वेग निम्म्यावर आला, पण गाडीचं नाक ट्रॉलीच्या फळीला लागलंच. आवाज फार मोठा नव्हता. ताईचे दोन्ही हात जसेच्या तसे होते, बाळाला धरल्यासारखे वळलेले, आणि बाळ त्यात नव्हतं. ते डॅशबोर्डवर आपटून तिच्या पायाशी पडलं होतं. टोपड्याची नाडी सुटली होती आणि पांढऱ्या कापडावर रक्त पसरत होतं. भुवईच्या वर पाच टाके पडले. देवाची कृपा, एवढ्यावर निभावलं.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. ताशी 30 म्हणजे सेकंदाला 8 मीटरच्या थोडं वर. गाडी साधारण दशांश सेकंदात थांबली असं धरा. 9 किलोचं बाळ त्या क्षणी ताईच्या हातांना सुमारे 75 किलोचं झालं होतं. अचानक पुढे ओढलं जाणारं गव्हाचं पाऊण क्विंटलचं पोतं कोणती आई धरून ठेवेल? ताई आजही म्हणते, माझेच हात सुटले. तिचे हात सुटले नाहीत. ते कुणाचेच टिकले नसते. मला राग आहे तो याचा, की दाजींनी हे तिला एकदाही सांगितलं नाही. ते म्हणतात, "तिसावर तर होतो, एवढ्याशा वेगाला काय होतंय."

अमेरिकेच्या हवाई दलातल्या जॉन स्टॅप या डॉक्टरांनी हे स्वतःच्या अंगावर तपासलं. 10 डिसेंबर 1954 ला न्यू मेक्सिकोत रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर ते ताशी 1017 किलोमीटरपर्यंत गेले आणि 1.4 सेकंदांत थांबले. शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या 46 पट जोर आला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही वेळ दिसेना. पण ते वाचले, नजर परत आली, आणि पुढे 89 वर्षांपर्यंत जगले. कशामुळे? पट्ट्यांनी जखडून बांधलं होतं म्हणून. नंतर त्यांनी मोटारींत पट्टे असावेत म्हणून जीव तोडून प्रयत्न केले. तिकडे ताशी 1017 ला माणूस वाचतो, इकडे तिसाला बाळाचं डोकं फुटतं. फरक वेगाचा नाही, बांधलेलं असण्याचा आहे.

राहिलेलं सांगून टाकते. 46 पट हा आकडा क्षणभराचा आहे. जोर किती वेळ आणि कोणत्या दिशेने आला यावर सगळं ठरतं. डोक्याकडून पायाकडे चार-पाच पट जोर काही सेकंद टिकला तरी साध्या माणसाची शुद्ध जाते. आणि वेग निरुपद्रवी म्हटलं म्हणून गाडी पळवू नका: वेग दुप्पट झाला की थांबताना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. तान्ह्या बाळाला मोठ्यांचा पट्टा चालत नाही, मागच्या बाजूला तोंड असलेली बेबी सीटच लागते. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा तशा सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंडही आहे.

गेल्या महिन्यात दाजींच्या नव्या गाडीत मागे बसले. पट्ट्याचं बक्कल सापडेना. सीट कव्हर घालताना सगळं आत दाबून टाकलेलं. मी पर्समधली कात्री काढली आणि कव्हर तेवढं कापलं, ताईच्या बाजूचं आणि माझ्याही. दाजी घरी पोचेपर्यंत बोलले नाहीत. ताईने मात्र पट्टा लावला.